बंदी-यादीची हजेरी

बडेबाबूंना कुठलाही कागद मनातल्या मनात वाचता येत नसे. सकाळी टपाल फुटलं की ते खुर्ची मागे सारून उभे राहत आणि मुख्य कार्यालयाचं परिपत्रक जावक क्रमांकापासून शेवटच्या सहीपर्यंत खड्या आवाजात वाचत. अंगठा लावायला आलेली माणसं तोवर शाईचा हात तसाच अधांतरी धरून उभी असत. वाचन संपलं की कोणीतरी विचारायचं, "काय म्हणते जी सरकार?" बडेबाबू चष्मा पुसत सांगायचे, "काही नाई. अंगठा लाव."

रोहन, परवा फोनवर तू सांगत होतास की तुझ्या बँकेत ग्राहकांची नावं, जन्मतारखा आणि पत्ते ठरलेल्या रकान्यांत नीट बसवायचे आणि मग जगभरच्या बंदी घातलेल्या माणसांच्या यादीशी ताडून पाहायचे, हेच तुझं दिवसभराचं काम. मध्येच थांबून तू विचारलंस, "आजी, तुला कळतंय ना?" आणि तुझी बहीण मीरा मागून हसली. बाळांनो, हे काम मी केलेलं आहे. धानोऱ्याला, एकाच कॉम्प्युटरवर, बडेबाबूंबरोबर. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी शाखेची व्यवस्थापक होते. नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, टेबलावरचे कागद काटकोनात ठेवणारी. शाखा म्हणजे तीन खोल्या. समोर गडचिरोलीची बस थांबायची आणि मागच्या भिंतीपासून जवळजवळ जंगलच सुरू व्हायचं. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. तिकडे हेडक्लार्कला बडेबाबूच म्हणतात, पण यांना त्यांची बायकोसुद्धा तसंच म्हणायची. खाकी बुशशर्टच्या खिशात तीन पेनं असायची: निळं, लाल आणि हिरवं. हिरव्या शाईने लिहिण्याचा मान साहेबांचा, म्हणून ते पेन त्यांनी स्वतः कधी उघडलं नाही. "साहेब आले अन् पेन इसरले तर?" असं म्हणायचे. दर सोमवारी त्यात शाई भरायचे.

कॉम्प्युटरला ते 'जावई' म्हणत. त्याला वेगळी खोली लागते, थंड हवा लागते, फरशी पुसलेली लागते आणि कधी रुसेल याचा नेम नाही. वीज गेली की बाहेरच्या रांगेला तेच सांगायचे, "जावई निजला हाय. उद्या या."

त्यांचं गाव वरोऱ्याकडचं. वडील गावचे कोतवाल होते, दवंडी द्यायचे. छप्पन साली घराने दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी ते काम सोडलं आणि मुलाला शाळेत घातलं. आवाज मात्र मुलाकडे आला. एकदा मी म्हटलं, "बडेबाबू, जरा हळू वाचलंत तर?" ते म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्याचं नाव जुन्या कागदात नुसतं एका शब्दात हाय. बापाचं नाव नाई, काही नाई. कोणी वाचून दाखवलंच नाई त्याले, काय लिवलं ते. म्हणून मी वाचतो." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तर मुख्य कार्यालयाने हुकूम काढला: सगळ्या खातेदारांची माहिती एका तक्त्यात भरून फ्लॉपीवर पाठवा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता. सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकही रकाना रिकामा नको. काम सोपं वाटलं. मी टंकायला बसले आणि बडेबाबू बाकड्यावर खातेदार बोलावून विचारायला बसले.

बायका नवऱ्याचं नाव घेईनात. बडेबाबूंनी नियम केला की बायकांनी जोडीने यायचं आणि एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरीने सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर नुसता हशा सुरू झाला, कारण नावाबरोबर नवऱ्याचे बाकीचे गुणही शेजारणी सांगत आणि बडेबाबू प्रामाणिकपणे तेही लिहून घेत. पत्त्याचंही तसंच. एका खातेदाराचा पत्ता त्यांनी लिहून दिला: 'मोहाच्या दोन झाडांमागे. कुत्रं चावते, आधी हाक मारणे.' तक्त्याच्या रकान्यात मावलं ते एवढंच: बिहाइंड टू मोहा ट्रीज डॉग बी. 'बाइट्स'चा फक्त बी, पुढचं सगळं कापलं गेलं. मला हसू आवरेना. बडेबाबू मात्र गंभीर. "मॅडम, पुढचं महत्त्वाचं होतं. पोस्टमन जाईन अन् हाक नाई मारणार."

खरी अडचण जन्मतारखेची होती. निम्म्या माणसांना ती ठाऊक नव्हती. शाळेत गेलेल्यांची सर्रास पहिली जुलै, कारण गुरुजींनी भरतीच्या दिवशी तीच घातलेली. बडेबाबूंना हे मान्य नव्हतं. ते बाकड्यावर जवळ बसून विचारत.

"तुह्या वेळी माय काय करून राह्यली होती?"

"मोहफुलं वेचाले गेली होती म्हणे जी. टोपली तिथीच राह्यली."

"मंग चैत्र. अन् सकाळची वेळ." मोहफुलं सकाळीच वेचतात, म्हणून. धानाच्या रोवणीला गेली असेल तर आषाढ, धान कापत असेल तर कार्तिक. वर्ष काढायला ते तलावाची पाळ कधी फुटली, गावात पहिला रेडिओ कोणाकडे आला, असं काहीबाही विचारत. एका माणसाला अर्धा तास लागायचा. मुख्य कार्यालयाची मुदत आठ दिवसांवर आली आणि तक्ता रिकाम्या रकान्यांनी भरलेला.

मग मी जे केलं ते सांगते. ज्यांची तारीख मिळाली नव्हती त्या सगळ्यांना मी एका संध्याकाळी पहिली जुलै, साल साठ, अशी एकच तारीख घालून टाकली. तक्ता देखणा दिसू लागला. बडेबाबू मागे उभे होते.

"मॅडम, रिकामं सोडा. रिकामं हाय ते खरं हाय."

"रिकामं चालत नाही, बडेबाबू. फ्लॉपी परत येते."

"येऊ द्या ना. बसनं जाते अन् बसनं येते. तिले काय पाय दुखतात?"

मी ऐकलं नाही. फ्लॉपी गेली.

महिन्याभराने बंदी-यादी आली. कुठकुठल्या देशांतली अतिरेकी म्हणून नोंदलेली माणसं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, यादी तुमच्या खातेदारांशी ताडून पाहा आणि तसा दाखला पाठवा. त्या दिवशी मी चंद्रपूरला विभागीय कार्यालयात बैठकीला गेले होते. पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण तो इतक्या जणांनी मला सांगितला की आता डोळ्यांसमोर दिसतो.

बाजाराचा दिवस होता. बडेबाबूंनी बँकेच्या ओट्यावर स्टूल ठेवलं, त्यावर चढले आणि यादीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. यादी कसली, हे मात्र सांगितलं नाही. नंतर मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आधीच सांगितलं असतं तर गुन्हेगार हजर राह्यला असता काय?"

आता तिकडे ओट्यावर उभं राहून कोणी यादी वाचली की ती घरकुलाची असते, नाहीतर तेंदूपानाच्या बोनसची. पाच मिनिटांत बाजार अर्धा रिकामा होऊन बँकेसमोर गोळा झाला. बडेबाबू एकेक परदेशी नाव तोडून तोडून वाचत आणि चष्म्यावरून बघत. कोणी हात वर करीना. लोक चिडायला लागले.

"हे सारे बाहेरगावचेच काऊन हाय जी? धानोऱ्याचा एक बी नाई!"

"वशिल्याचे असन. वरतूनच आली यादी."

"आमचं नाव काऊन नाई, बडेबाबू? मांगच्या खेपेले बी नोतं."

शेवटी काही जणांनी तिथल्या तिथे अर्ज लिहवून घेतला: आम्हालाही सदर यादीत समाविष्ट करण्यात यावे, ही विनंती. खाली अंगठे. बडेबाबूंनी त्यावर आवक शिक्का मारला आणि तो यादीला जोडला. आलेला अर्ज नाकारायचा अधिकार हेडक्लार्कला नाही, असं त्यांचं मत होतं.

आणि मग त्यांनी वाचलं, "हबीब शेख."

"हाजिर जी!"

हबीबभाई बांगडीवाले. आसपासच्या सगळ्या बाजारांत पाल ठोकून बसायचे. एकाही बाईला त्यांनी कधी माप विचारलं नाही. हात हातात घेतला की माप कळायचं. आपलं नाव निघालं या आनंदात ते गर्दीतून वाट काढत पुढे आले. लोकांनी पाठ थोपटली. बडेबाबू त्यांना तीस वर्षं ओळखत होते. तरी त्यांनी नावापुढे लाल खूण केली, शेरा लिहिला, 'इसम प्रत्यक्ष हजर. वर्तणूक चांगली', आणि दाखला चारच्या गडचिरोली बसने पुढे चंद्रपूरला रवाना केला.

"अहो, तुम्ही ओळखता ना त्यांना!" मी नंतर कपाळाला हात लावून म्हटलं.

"ओळखतो म्हणून यादी इसरू काय? मंग जो ओळखीचा नाई, त्यानं काय करावं?"

तिसऱ्या दिवशी विभागीय कार्यालयाचा फोन आला. तिथले साहेब स्वतःच बोलत होते. यादीतल्या माणसाचं नाव तेच. यादीतलं जन्मसाल साठ. आमच्या तक्त्यातही साल साठच. आणि शाखेचा लेखी शेरा की तो माणूस स्वतः हजर झाला. "मॅडम, त्याच्यासोबत आणखी तेवीस जणांनी यादीत येण्यासाठी अर्ज केलाय! तुमच्याकडे चाललंय काय?" खातं ताबडतोब गोठवा, नागपूरहून अधिकारी येत आहेत.

बडेबाबूंनी निरोप ऐकला. "गोठवा? एप्रिलात? इथी लोणी राहत नाई." पण त्यांचा चेहरा उतरला होता. साल साठ कुठून आलं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी हबीबभाई पैसे काढायची स्लिप घेऊन काउंटरवर आले. लग्नसराई तोंडावर होती. वर्षभराचं साठवलेलं खात्यात, आणि आठवड्याच्या आत नागपूरहून हिरव्या चुड्याचा माल आणला नाही तर हंगाम गेला. पुढे पावसाळाभर बांगडी कोण भरणार? स्लिप सरकवत त्यांनी हळूच विचारलं, "बडेबाबू, मंजूर झालं का जी आपलं?"

बडेबाबूंनी स्लिप उचलली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. मीच हबीबभाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि यादी कसली होती ते सांगितलं. हबीबभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, पेटी उतरवताना एक काच फुटली तर मले दिवसभर जेवण जात नाई," ते म्हणाले. "अन् मी बॉम्ब फोडून राह्यलो म्हणता?"

मी म्हटलं, "मी म्हणत नाही, हबीबभाई. चूक माझी आहे. ती सुधारेपर्यंत खात्याला हात लावता येणार नाही."

"किती दिवस?"

नागपूरहून अधिकारी येतील तोवर, एवढंच मी सांगितलं.

नागपूरहून एकच अधिकारी आले, ते तरुण होते, ब्रीफकेस गुडघ्यांवर धरून बसलेले. बाहेर बाजाराचाच दिवस होता. त्यांनी हबीबभाईंना पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कधी बाहेर गेला होता? म्हणजे आपली हद्द सोडून?"

"गेलो होतो ना जी."

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. "कुठे?"

"मुरूमगावच्या पुढी. मानपूरले. तिकडं छत्तीसगड लागते."

"कशासाठी?"

"बांगड्या विकाले. पण तिकडच्या बायका फार घासाघीस करतात, म्हणून मंग सोडलं."

अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं. मग मी सांगून टाकलं की तक्त्यातली जन्मतारीख मी घातलेली आहे, तिला काहीही आधार नाही. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण मग खरी तारीख द्या. कागद द्या. मला वर कागद दाखवावा लागेल." कागद नव्हता. हबीबभाई शाळेत गेले नव्हते. आई-वडील केव्हाच वारले होते. वय विचारलं तर ते म्हणाले, "असन पन्नास." पन्नास धरलं तर साल साठ फार लांब नव्हतं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यातच हबीबभाईंचा हंगाम बुडत चालला होता.

बडेबाबू तोवर भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम बाहेर गेले. ओट्यावरून त्यांचा आवाज आला, आणि तो आवाज बसस्टँडपर्यंत गेला असेल: "ज्या बाईच्या लग्नाचा चुडा हबीबभाईनं भरला, तिनं बँकेत यावं! जिचं लग्न सर्वांत जुनं, तिनं पुढी यावं!"

बायकांनी बँक भरली. भाजी, सुकटीच्या टोपल्या, कडेवर नातवंडं. त्यांना रांगेत लावणं शक्य नव्हतं. प्रत्येकीला आपलाच चुडा आठवत होता, किती डझन, कोणता हिरवा, कोणाच्या सासूने कमी केला. बडेबाबू मात्र एकाच गोष्टीचा माग काढत होते. लग्न कधी, आणि त्या दिवशी हबीबभाई केवढे? एकीने सांगितलं, तिच्या आणि तिच्या मुलीच्या, दोघींच्या लग्नाला तेच होते. दुसरीने तिला मागे सारलं, माझं त्याच्याही आधीचं. शेवटी सगळ्यांना कोपराने बाजूला करत सीताबाई पुढे आल्या. तलावातल्या मासोळ्या विकायच्या. हाताला मासोळीचा वास, आणि तो हात त्यांनी सरळ अधिकाऱ्यांच्या ब्रीफकेसवर ठेवला.

"माह्या लग्नाले यानंच भरला चुडा."

"तेव्हा हे लहान असतील ना, बाई?" अधिकारी म्हणाले.

"लहान? मिशा होत्या याले! सोताचं पाल होतं. याचा निकाह झाला होता, बायको पोटुशी होती. तिच्यासाठी मायनं माह्या लग्नातले दोन लाडू देल्ले. इचारा त्याले."

"हो जी, देल्ले होते," हबीबभाई म्हणाले.

"पण तुमचं लग्न कधी झालं, त्याचा कागद?"

इथे बडेबाबू हलले. सीताबाईंचा थोरला मुलगा माजरीला कोळशाच्या खाणीत होता आणि आमच्याकडे मायलेकरांचं जोडखातं होतं. त्या खात्याच्या कागदांत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. बडेबाबूंनी तो दोन मिनिटांत काढून आणला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला. जन्म, साल चौसष्ट.

"लग्नानंतर किती दिवसांनी झाला थोरला?"

"दुसऱ्या वर्षी, जी."

"म्हणजे लग्न बासष्टचं," बडेबाबू अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, तुमच्या यादीतला माणूस साठ सालचा. बासष्ट साली दोन वर्षांचा. दोन वर्षांचं लेकरू सोताच्या पालात बसून चुडा भरन काय? मिशा ठेवन? बायको पोटुशी असन?"

अधिकाऱ्यांनी दाखला उलटासुलटा पाहिला. सीताबाईंचा जबाब, दाखल्याची प्रत, खाली साक्षीदार बायकांचे अंगठे, आणि चूक माझी म्हणून माझी सही. हे सगळं बडेबाबूंनी अशा काटेकोर रकान्यांत आखून दिलं की तसा तक्ता मला आजवर कॉम्प्युटरवर जमलेला नाही. अधिकाऱ्यांनी फोन लावला, बराच वेळ 'हो सर, चुडा सर, बांगड्या सर' असं बोलले, आणि मग म्हणाले, "खातं मोकळं करा."

हबीबभाईंनी छातीला हात लावला. तेवढ्यात अधिकारी कागद भरता भरता सहज म्हणाले, "म्हणजे त्या वेळी वीस धरले तरी, काका, तुमचं वय आता साठीच्या पुढे आहे."

"कोनाचं?"

"तुमचं."

हबीबभाई खुर्चीत बसले. खातं गोठवलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. "साठ?" ते पुटपुटले. "मॅडम, आठ दिवसांत दहा वर्षं गेले की हो. बाया आता म्हाताऱ्याच्या हातात हात देतीन का?"

बाहेर बायका ताटकळल्या होत्या. बडेबाबू कागद घेऊन दारात उभे राहिले आणि वाचू लागले. जबाब वाचला, दाखला वाचला, खातं मोकळं झाल्याचं वाचलं. बायकांनी एकच गिल्ला केला. मग ते शेवटच्या रकान्याशी आले, आणि मागून हबीबभाईंनी त्यांच्या बुशशर्टचं टोक ओढलं.

"किती निघालं जी वय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

बडेबाबूंनी श्वास घेतला. त्यांना न वाचता कागद खाली ठेवणं किती कठीण, ते मी जाणत होते. पण सीताबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला कागदच झाकला.

"नोको सांगू, बडेबाबू! त्याचं निघालं का आमचं बी निघते!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मनातल्या मनात प्रत्येकीचा हिशेब चालला असावा. मग त्या टोपल्या उचलून भराभरा पांगल्या, आणि हबीबभाई चारच्या बसने माल आणायला नागपूरला गेले.